निवाऱ्याच्या खाटा रिकाम्या का राहतात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला किंवा थंडीचा कडाका वाढला की शहरांतल्या बेघरांच्या बातम्या येतात. त्यांच्या पाठोपाठ प्रशासनाचा खुलासाही येतो आणि तो ठरलेला असतो: निवारे आहेत, खाटा रिकाम्या आहेत, लोकच यायला तयार नाहीत. पुढचे वाक्य कॅमेऱ्यासमोर कोणी बोलत नाही, पण फायलीवरच्या टिप्पणीत ते बरोबर उतरते: मागणी नसल्याने नवीन निवाऱ्याची आवश्यकता दिसत नाही, सबब प्रस्ताव दप्तरी दाखल करावा. खाट रिकामी कशी राहते, हे निवारा चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारले तर तो चहा संपायच्या आत सांगेल. त्याला कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नियम पाहू. लाखभर लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. केंद्राने 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले, त्यातही हेच प्रमाण धरले. त्या अभियानाच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर चांगल्याच आहेत. माणशी 50 चौरस फूट जागा, एका निवाऱ्यात 50 ते 100 माणसे, प्रत्येकाला कुलपाचा कप्पा, स्वयंपाकाची सोय, आळीपाळीने तीन काळजीवाहक आणि एक व्यवस्थापक. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, आजारातून उठलेले यांच्यासाठी वेगळे निवारे. कागदावर काही कमी नाही.

2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. म्हणजे शंभर खाटांचे 124 निवारे, एकूण 12,400 खाटा. त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. नियम तंतोतंत पाळला तरी साडेचार माणसांमागे एक खाट! याच हिशेबाने पुण्याला 31, नागपूरला 24 आणि सोलापूरला 9 निवारे हवेत. वाचकांनी आपापल्या शहरातल्या निवाऱ्यांची संख्या या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. एवढी टंचाई असताना खाटा रिकाम्या राहत असतील, तर दोष खाट वापरणाऱ्यात शोधण्याआधी खाट कुठे आणि कशी टाकली आहे ते बघायला हवे.

पहिले कारण जागा. बेघर माणूस फुटपाथवर वाटेल तिथे पडलेला नसतो. जिथे पहाटे काम मिळते त्याच्या चालत अंतरावर तो झोपतो: मजूर नाका, भाजी मंडई, रेल्वे स्थानकाचे मालधक्के, मंगल कार्यालयांची रांग, मोठे सरकारी रुग्णालय. मार्केटमधल्या हमालाला पहाटे तीन-साडेतीनला गाडी उतरवायला हजर राहावे लागते. त्या वेळी ना बस असते ना लोकल. मालमत्ता विभाग मात्र जी जागा दुसऱ्या कोणाला नको असते तीच निवाऱ्यासाठी काढून देतो. शहराच्या वेशीवरचा बंद जकात नाका, पडायला आलेली शाळा, उड्डाणपुलाखालचा कोपरा. वेशीवरून कामावर यायला रोज रिक्षाचे भाडे भरायचे तर कमाईतला चौथा हिस्सा तिथेच गेला. उड्डाणपुलाखाली ड्रेनेजची जोडणी मिळत नाही, म्हणून शौचालय फिरते येते आणि फिरते शौचालय महिन्याभरात तुंबते. निवारा कामाच्या ठिकाणापासून एक-दीड किलोमीटरच्या आत नसेल तर तो भरत नाही. हे जागा निवडतानाच ठाऊक असते.

दुसरे कारण दाराची वेळ. लग्नसराईत केटरिंगवर वाढपी म्हणून जाणारा माणूस रात्री एकला मोकळा होतो. निवाऱ्याचे दार दहाला बंद. तो बाहेर झोपतो. हजेरीपट मात्र नऊ वाजता भरलेला असतो आणि त्यात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लागते. तपासणीला आलेले अधिकारीही आठ-नऊच्या सुमाराला येतात, कारण त्यांनाही घरी जायचे असते. निवाऱ्यातली खरी उपस्थिती रात्री साडेबारा ते पहाटे चार या वेळेतच कळते. सकाळी दहाला गेलात तर कुठलाही निवारा ओसच दिसणार. तिथली माणसे कामावर गेलेली असतात.

कुटुंबाचा पेच याहून अवघड आहे. बहुतेक निवारे पुरुषांचे. नवरा एका वॉर्डात, बायको-मुली दुसऱ्या वॉर्डात अशी वाटणी कोणतेही कुटुंब पत्करत नाही. एकट्या बाईचा मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की महिलांच्या निवाऱ्यात त्याला ठेवत नाहीत आणि पुरुषांच्या निवाऱ्यात त्याला एकटे पाठवायला ती तयार नसते. तिचेच बरोबर आहे. अशी बाई फुटपाथवर परत येते आणि नोंद होते 'निवारा नाकारला'. कुटुंबासाठी फार मोठे बांधकाम लागत नाही. 2,500 चौरस फुटांच्या हॉलमध्ये सात फुटी पार्टिशन घालून दहा-बारा कप्पे करता येतात, प्रत्येकाला दार आणि आतून कडी. पार्टिशन छतापर्यंत नेले की हवा कोंडते आणि अग्निशमन विभागाची हरकत येते, म्हणून वर मोकळे सोडायचे. महिलांची शौचालये त्याच मजल्यावर हवीत. रात्री अंगण ओलांडून जायचे असेल तर बायका जात नाहीत.

आता सामान. गवंड्याची थापी आणि ओळंबा, रंगाऱ्याचे ब्रश, कचरा वेचणाऱ्या बाईचे पोते, फुगेवाल्याची काठी हे त्यांचे भांडवल. ते बाहेर ठेवायला सांगितले तर माणूस भांडवलाशेजारीच झोपणार. हातगाडीवाल्याचे तर विचारायलाच नको. निवाऱ्याला लागून दहा हातगाड्यांची साखळीबंद जागा दिली की दहा माणसे आत येतात. कप्प्याचे कुलूप ज्याचे त्याने आणावे, किल्ली त्याच्याच गळ्यात. व्यवस्थापकाच्या टेबलात किल्ल्या ठेवल्या की पहिल्या चोरीनंतर कोणी कप्पा वापरत नाही.

आणि ढेकूण. हा विषय अहवालात येत नाही, पण निवारा सोडून जाणाऱ्यांना कारण विचारा, पहिल्या तीनांत हे असतेच. कंत्राटदार एकदा फवारणी करतो आणि बिल लावतो. त्याने मोठे ढेकूण मरतात, अंडी राहतात. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा हात मारला नाही तर महिन्यात पुन्हा तेच. प्लायच्या खाटांच्या सांध्यांत आणि कापसाच्या गादीच्या शिवणीत ते लपतात, म्हणून लोखंडी खाट आणि रेक्झिनच्या खोळीची गादी घ्यावी लागते. ब्लँकेटचे दोन संच लागतात, 50 खाटांना 100. पावसाळ्यात धुतलेले ब्लँकेट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि एकच संच असेल तर ते धुतलेच जात नाही. पाण्याचेही तसेच. आंघोळ, शौचालय, कपडे, स्वयंपाक धरून माणशी 70 लिटर म्हटले तरी 50 जणांना 3,500 लिटर लागते. बसवलेली असते हजार लिटरची टाकी. सगळे चार ते सहाच्या दरम्यान उठतात, पाच वाजता टाकी संपते. पाच वाजता उठणारा पुढच्या आठवड्यापासून सार्वजनिक नळावर जातो आणि नळाजवळच झोपतो.

ओळखपत्राची अट ही आणखी एक चीज. दारात आधार मागतात. ज्याच्याकडे पत्ता नाही त्याच्याकडे आधार नसते, असले तर अतिक्रमण हटवणाऱ्या पालिकेच्या गाडीत गेलेले असते. वास्तविक मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार काढायला चालते. म्हणजे आधार निवाऱ्यातून मिळायला हवे, आणि आपण ते निवाऱ्यात शिरण्याची अट करून ठेवले आहे.

हे सगळे सुधारता येते. का सुधारत नाही याचे उत्तर पैशाच्या वाटेत आहे. अभियानात 50 खाटांच्या निवाऱ्याच्या चालनखर्चासाठी वर्षाला 6 लाख रुपये धरले होते, तेही पाच वर्षे. महिन्याला झाले 50 हजार, माणशी दिवसाला 33 रुपये. यात तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक, त्यांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी बदली माणूस आणि व्यवस्थापक असे पाच पगार. प्रत्येकाला 10 हजार दिले, जे किमान वेतनालाही पुरत नाहीत, तरी पैसे संपले. वीज, पाणी, धुलाई, फिनेल, औषधे यांना शून्य! मग संस्था काय करते? तीन काळजीवाहकांच्या जागी एक ठेवते. एकटा माणूस रात्रभर जागणार नाही, म्हणून तो दहाला दार लावतो. उशिरा येणारे तुटतात. हजेरी घसरते. हजेरी कमी म्हणून पुढचा हप्ता अडतो. विनियोग प्रमाणपत्र, लेखापरीक्षण, प्रभाग कार्यालयाची शिफारस अशा वाऱ्या करत बिल सहा-आठ महिने उशिरा निघते आणि तोवर छोटी संस्था मोडून पडते. अकरा महिन्यांचा करार, नवी निविदा, नवी संस्था, नवे काळजीवाहक. निवाऱ्यात येणारा माणूस दाराशी ओळखीचा चेहरा आहे की नाही ते बघतो. दर वर्षी चेहरा बदलला की तो यायचा थांबतो. रिकाम्या खाटेचा जन्म असा होतो, आणि मग तीच खाट पुरावा म्हणून आपल्यापुढे धरली जाते.

आता तर केंद्राचे ते अभियानही 30 सप्टेंबर 2024 ला संपले. नागरी दारिद्र्य निर्मूलनाचे नवे अभियान तयार होत असून त्यात बेघर निवाऱ्यांचाही विचार होईल, असे ॲटर्नी जनरलनी फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. ते येईल तेव्हा येईल. पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, 74 व्या घटनादुरुस्तीपासून, नागरी दारिद्र्य निर्मूलन हा पालिकांकडे सोपवण्याचा विषय आहे. दिल्लीचा निधी थांबला म्हणून पाणीपुरवठा बंद करतो का आपण?

पैसा नाही हे कारण निदान मुंबईने तरी सांगू नये. केंद्राच्या दराने शंभर खाटांचा खर्च वर्षाला 12 लाख, 124 निवाऱ्यांचे होतात सुमारे 15 कोटी. तो दर हास्यास्पद आहे, म्हणून तिप्पट करू: 45 कोटी. मुंबई महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटींचे होते. शंभर रुपयांतले सहा पैसे. लहान पालिकांची ओढाताण खरी आहे, तिथे राज्याच्या नगरविकास विभागानेच हात द्यायला हवा. पण सगळीकडे एक गोष्ट तरी फुकट होऊ शकते: बेघर निवाऱ्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे या खर्चाची वेगळी नोंद. आज हा खर्च कुठे समाजविकासच्या 'इतर' मध्ये, कुठे अभियानाच्या शिल्लक रकमेत, कुठे आयुक्तांच्या विशेष मंजुरीत असतो. शीर्षच नसले की कपात कोणाला दिसत नाही. महिला व बालकल्याणासाठी ठेवलेल्या 5 टक्के निधीतून बेघर स्त्रियांचे निवारे चालवायला काहीच अडचण नसावी. शिलाई यंत्रांच्या वाटपानंतरही त्यात पैसे उरतात.

शीर्षाइतकीच गरज एका जबाबदार माणसाची आहे. सध्या जागा मालमत्ता विभागाकडे, माणसे समाजविकासकडे, आजार आरोग्य खात्याकडे, फुटपाथ अतिक्रमण निर्मूलनाकडे आणि रात्र पोलिसांकडे. एकाच पालिकेची एक गाडी रात्री बेघरांना निवाऱ्याची माहिती देत फिरते आणि दुसरी सकाळी त्यांची अंथरुणे, औषधे, मुलांची दप्तरे उचलून नेते. आदल्या रात्री कमावलेला विश्वास सकाळी जातो. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या 1985 च्या ऑल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला होता. तो वापरताना सामान्यतः आधी नोटीस द्यावी आणि वाजवीपणा पाळावा, हेही तिथेच म्हटले होते. पहिला भाग सगळ्या अभियंत्यांना पाठ आहे. एका प्रभागात एक नोडल अधिकारी, त्याचे नाव आणि फोन निवाऱ्याच्या दारावर, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय अतिक्रमणाची गाडी बेघरांच्या वस्तीवर जाणार नाही, एवढा आदेश आयुक्त एका परिपत्रकाने काढू शकतात.

मनोरुग्णांबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजाराची व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत पोचवण्याची जबाबदारी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 नुसार पोलिसांची आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर आणि निराधारांना सरकारी मानसोपचार मोफत, दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. प्रत्यक्षात ठाणे अंमलदार 'ही केस आमची नाही' म्हणतो आणि रुग्णालय सोबतच्या नातेवाइकाची सही मागते. नातेवाईक असता तर ती व्यक्ती पुलाखाली कशाला असती? राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये. तिथून बरे होऊन निघालेल्यांसाठी निवाऱ्याची खाट राखीव नसते, म्हणून काही महिन्यांत औषध सुटते आणि फेरा पुन्हा सुरू. मुंबईतल्या टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या आसपास झोपणाऱ्या रुग्णांचा आणि नातेवाइकांचा प्रश्न वेगळा असला तरी त्याची गणतीही याच फुटपाथवर होते. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा आजही त्यांना आसरा देते. बाबांचा खराटा सरकारने स्वच्छता अभियानासाठी घेतला, धर्मशाळा मात्र बाबांकडेच ठेवल्या.

निवाऱ्यापुढच्या पायरीबद्दल थोडेच. रोज कमावणारी पुष्कळ बेघर माणसे महिन्याचे भाडे देऊ शकतात, देऊ शकत नाहीत ती अनामत. झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही ती रोख मोजावी लागते. पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या घटकात बेघरांचा उल्लेख आहे. पालिकेने अनामतीची हमी घेतली तर निवाऱ्यातून खोलीत जाणारी कुटुंबे दिसू लागतील आणि खाट पुढच्याला मिळेल.

हे सारे ठाऊक असून का होत नाही? बेघरांना मत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर व्यक्ती मतदार नोंदणीच्या अर्ज क्रमांक 6 मध्ये आपण झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहू शकते. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते याची खात्री करायची. मग वास्तव्याचा वेगळा पुरावा लागत नाही. अडचण एवढीच की हा अधिकारी बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीताई असते आणि रात्री अकराला तिने एकटीने फुटपाथवर जावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तिला सोबत आणि वाहन देणे हे निवडणूक कार्यालयाचे काम. एका प्रभागात अशी आठशे-हजार नावे यादीत चढली, तर त्या प्रभागाच्या निवाऱ्याची टाकी किती लिटरची आहे हे नगरसेवकाला आपोआप माहीत असेल. मुंबईत तर 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात हा प्रश्न सभागृहात मांडायला कोणी नव्हतेच.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे. 2011 मध्ये बेघरांची गणना 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. एका रात्रीत मोजायचे तर माणसे कुठे झोपतात हे आधी माहीत असावे लागते. प्रगणकाच्या हातात नकाशा नसला की तो मुख्य रस्ता मोजतो आणि गल्ली, रुग्णालयाचे आवार, मंडईचा पहिला मजला, मंदिराची ओवरी, बंद दुकानांच्या पायऱ्या सुटतात. बायका तर मुद्दाम न दिसण्याच्या जागी झोपतात. पालिकांनी 2026 च्या दिवाळीनंतर तीन वेगवेगळ्या रात्री, बारा ते चार या वेळेत, प्रभागनिहाय अशा जागांची यादी करावी: एक बाजाराच्या दिवशीची रात्र, एक सुट्टीची, एक लग्नतिथीची. सोबत मंडईतला मुकादम, नाक्यावरचा एखादा जुना मजूर आणि महिलांशी बोलायला महिला कार्यकर्ती हवी. ही यादी जनगणना कार्यालयाला द्यावी, एक प्रत महासभेपुढे ठेवावी आणि फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकात निवाऱ्यांची जागा व संख्या त्याच यादीवरून ठरवावी. यादीचे काम कोणाकडे दिले आहे, हे प्रत्येक आयुक्तांनी आताच जाहीर करावे आणि आपल्या वार्ताहरांनी ते त्यांना विचारावे, ही विनंती.

आपले,
शहरी बेघरांच्या निवाऱ्यांवर काम करणारे काही कार्यकर्ते
मुंबई व पुणे